शहात्तर ते शंभर

“एकाहत्तर, मृत. बहात्तर, मृत. त्र्याहत्तर, मेंदूप्रवाळ, जिवंत. चौऱ्याहत्तर, वाळू. पंचाहत्तर, मृत.”

“एकाहत्तर मृत, बहात्तर मृत, त्र्याहत्तर मेंदूप्रवाळ जिवंत, चौऱ्याहत्तर वाळू, पंचाहत्तर मृत,” कागदावरची नजर न काढता मी पुन्हा म्हटले. “पुढे.”

“पुढे काय, पुढे! दम तरी घेऊ दे, राणीसरकार,” असे म्हणून फिलोमिनाने होडीच्या काठावर दोन्ही कोपरे टेकवले आणि ती धापा टाकू लागली. तिच्या केसांतले पाणी माझ्या पावलांवर ठिबकत होते. मी कागद थोडा आत घेतला.

१९७४ सालच्या मे महिन्याची ती अखेर होती. आमच्या विद्यापीठात प्रवाळांची परिसंस्था आणि तिचे व्यवस्थापन हा विषय त्याच वर्षी सुरू झाला होता आणि तो घेणाऱ्या आम्ही दोघीच होतो. एक मी, प्रभावती दिघे, आणि दुसरी वसईची फिलोमिना डाबरे. वर्गातल्या मुलांनी या विषयाकडे पाठ फिरवली, कारण त्यात नोकरी नाही असे त्यांचे म्हणणे होते. ते खोटे नव्हते. पण एखादी गोष्ट कोणी करत नाही एवढे कळले की ती करावीशी वाटणे हा माझा स्वभाव तेव्हाही होता आणि आज पंचाहत्तरीतही आहे. फिलोमिनाचे कारण अधिक साधे होते. तिला पाण्यात राहायला आवडे.

मालवणच्या दक्षिणेला, किनाऱ्यापासून होडीने वीस मिनिटांवर, मोरखडप नावाचा एक बुडालेला खडक होता. ऊन चढले की पाण्याखाली मोरपिशी रंग हलताना दिसत, म्हणून कोळ्यांनी त्याला ते नाव दिलेले. नव्या जेटीसाठी मोठ्या बोटींना खोल वाट हवी होती आणि मोरखडप नेमका त्या वाटेत येत होता. सुरुंग लावण्यापूर्वी त्या कामासाठी नेमलेल्या समितीने आमच्या आठल्ये सरांना पाहणी करायला सांगितले. अट सोपी होती. खडकावर टाकलेल्या दोरीखाली अर्ध्याहून अधिक ठिकाणी प्रवाळ जिवंत आढळले, तर वाट दुसरीकडून काढायची. तसे आढळले नाही, तर मोरखडप उडवायचा.

ती दोरी पन्नास मीटर लांब होती आणि तिला अर्ध्या अर्ध्या मीटरवर शंभर गाठी होत्या. फिलोमिनाने एका दमात खाली जायचे, पाच गाठींखाली काय आहे ते पाहायचे आणि वर येऊन सांगायचे. मी होडीत बसून लिहून घ्यायचे. सरांचा नियम असा की, लिहिणाऱ्याने पाण्याकडे मुळीच पाहायचे नाही. पाहिले की आपल्याला हवे ते जिवंत दिसू लागते. त्याने ऐकायचे आणि ऐकलेले मोठ्याने पुन्हा म्हणायचे. चूक झाली असेल तर बुडी मारणारा ती दुरुस्त करील. तो गप्प राहिला तर नोंद पक्की.

हा नियम होडीवाल्या भिकाजी कुबलांना पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता.

“पाण्यातना जा आयकाक येता, ता परत बोला नये, बाय,” ते मला म्हणाले होते.

“का बरे?”

“पाण्याक सवय लागता.”

फिलोमिना त्यावर खळखळून हसली होती. मी हसले नव्हते. माझ्या मते अडाण्याच्या बोलण्याला हसणे म्हणजे त्याला उत्तर देण्यासारखेच होते. भिकाजींचे वय तेव्हा पन्नाशीचे असेल. काळा, ठेंगणा, एका डोळ्यात फूल पडलेला माणूस. त्यांच्या तीन पिढ्या मोरखडपाच्या कडेने जाळी टाकत आल्या होत्या. खडप गेला तर मासाही जाईल, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते आणि म्हणूनच ते आम्हाला रोज फुकट नेत होते.

त्या दिवशी सर आमच्याबरोबर नव्हते. हिवतापाने फणफणून ते भिकाजींच्या माजघरात पांघरूण घेऊन पडले होते. होडीत आम्ही तिघेच होतो. पंचाहत्तर गाठी झाल्या होत्या आणि त्यांतल्या एकतीस जिवंत होत्या.

“उरलेल्या उद्या करू या का?” फिलोमिना म्हणाली. “पूर्वेकडे नुसता गाळ आहे. कुणाचं तरी फाटलेलं जाळं पडलंय, लांबच लांब. मला नाही आवडत ती जागा.”

“आवडण्याचा प्रश्न नाही. उद्या ओहोटी इतकी खाली जाणार नाही. आणि वारा बघ कुठून येतो आहे.”

“चेडू दमला गो,” मागून भिकाजी म्हणाले. “रवांदे आता.”

“भिकाजी, पंचवीस गाठी राहिल्या आहेत. पाच बुड्या. त्यांच्याशिवाय हा कागद समितीपुढे ठेवता येणार नाही. तुमचाच खडप आहे.”

फिलोमिनाने पाण्याखाली बघण्यासाठी डोळ्यांवर लावायची काच पुसली.

“एवढी घाई आहे तर तूच मार ना बुडी.”

“मला पोहता येत नाही, हे तुला ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे गं. एकदा फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं होतं,” ती म्हणाली आणि हसतच पाण्याखाली गेली.

मी पेन्सिलीला टोक केले. वारा फिरत होता, तशी होडीही हळूहळू फिरू लागली. नांगराची दोरी कशात तरी अडकली म्हणून भिकाजी पुढच्या टोकाला गेले आणि आमच्याकडे पाठ करून ती सोडवू लागले. मी शहात्तर हा आकडा लिहून ठेवला.

“शहात्तर, थाळीप्रवाळ, जिवंत.”

आवाज उजव्या बाजूने आला. ती नेहमी डावीकडे वर येत असे. होडी फिरल्यामुळे तिने बाजू बदलली असावी असे मला वाटले.

“शहात्तर, थाळीप्रवाळ, जिवंत,” मी म्हटले.

“सत्त्याहत्तर, मेंदूप्रवाळ, जिवंत. अठ्ठ्याहत्तर, मेंदूप्रवाळ, जिवंत.”

फिलोमिनाचाच आवाज होता. तिचा तो किंचित अनुनासिक, वसईकडचा सूर मी कुठेही ओळखला असता. फरक एवढाच की तो स्वच्छ होता. त्यात धाप नव्हती. मला बरे वाटले, कारण सरावाने ती अखेर शहाणी झाली आणि नाटक करण्याचे तिने सोडले, असा मी अर्थ लावला.

ऐंशीपर्यंत पाच गाठी झाल्या. आता ती पुन्हा खाली जाणार म्हणून मी पेन्सिल टेकवली.

“एक्क्याऐंशी, फुलप्रवाळ, जिवंत.”

“खाली गेली नाहीस?” मी विचारले.

“ब्याऐंशी, फुलप्रवाळ, जिवंत.”

दोन-दोन बुड्यांचे एकदम पाहून आली असेल, असे मी मनाशी म्हटले. नियमाला ते धरून नव्हते, पण वारा वाढत होता. मी बोलत गेले आणि लिहीत गेले. एकीने सांगायचे, दुसरीने म्हणायचे, कागदावर उतरायचे. त्याला एक ठेका आला होता. मधे एकदाही वाळू आली नाही. मृतही आले नाही. नव्वदाच्या पुढे आवाज अगदी जवळ आला, इतका की माझ्या उजव्या कानाशी गारवा जाणवू लागला. माझी मान दुखत होती. तरीही मी ती वर केली नाही. मनातल्या मनात मी बेरीज करत होते आणि पंच्याण्णवाव्या गाठीला आम्ही अर्ध्याची रेघ ओलांडली.

“शंभर, मेंदूप्रवाळ, जिवंत.”

“शंभर, मेंदूप्रवाळ, जिवंत!” मी म्हटले आणि हसून वर पाहिले.

उजवीकडे पाण्यावर काही नव्हते. डावीकडेही नव्हते.

भिकाजी नांगराची दोरी हातात धरून माझ्याकडे बघत उभे होते.

“गो बाय,” ते हळूच म्हणाले, “तू कोणावांगडा बोलतस?”

“फिलोमिनाशी. झाले सगळे.”

“ती वर इलीच नाय.”

यानंतरचे त्यांनी काही ऐकले नाही. कमरेची सुरी दातात धरून त्यांनी उडी टाकली. होडी डचमळली. मी एकटीच त्या पाण्यावर बसून होते. हे लिहायचे मी टाळणार होते, पण लिहिते. त्या सगळ्या वेळात माझ्या डाव्या हातात तो कागद होता, आणि भिजू नये म्हणून मी तो उंच धरला होता.

भिकाजी वर आले तेव्हा त्यांच्या हातात फिलोमिनाचे केस होते. तिला होडीत घेताना तिच्या पायाला गुंडाळलेले जाळेही बरोबर आले, हिरवे, शेवाळलेले, चिखलाने जड झालेले. तिचे ओठ जांभळे पडले होते. भिकाजींनी तिला आडव्या फळीवर पालथे घातले आणि पाठीवर जोर दिला. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. मग तिच्या तोंडातून पाणी आले आणि त्यापाठोपाठ एक आवाज आला. तो खोकला होता.

“जिती आसा,” भिकाजी म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले ते असे, की मी हातातला कागद खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र उसळलेला होता. किनाऱ्यावर माणसे एकमेकांना हाका मारत होड्या वर ओढून घेत होती; आता नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी पाण्यात जाणार नव्हते. चार दिवसांनी समितीची बैठक होती आणि सरांचा अहवाल त्याच दुपारच्या एस.टी.ने निघायला हवा होता. शंभर गाठींची नोंद पूर्ण होती. खाली दोन सह्या हव्या होत्या. लिहिणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची.

फिलोमिना पडवीत गोधडी घेऊन बसली होती. भिकाजींच्या पत्नीने तिच्यापुढे पेजेची वाटी ठेवली होती आणि फिलोमिना ती नुसती ढवळत होती. तिचा आवाज बसला होता. मी तिच्याजवळ बसले आणि कागद उघडला.

“सही कर. हवे तर आधी वाचून दाखवते.”

“दाखव.”

मी एकापासून वाचत गेले. ती मान हलवत होती. पंचाहत्तर झाले, तेव्हा तिने हात वर केला.

“इथपर्यंत माझं.”

“पुढचेही तुझेच आहे. शंभरपर्यंत.”

“पुढचं माझं नाही, प्रभा. मी खाली होते. शहात्तराव्या गाठीवर जाळंच होतं आणि जाळ्यावर वीतभर गाळ. तो बाजूला करायला गेले नि पाय अडकला. पुढची एकही गाठ मी पाहिलेली नाही.”

“मी शब्दन्‌शब्द ऐकला. तुझ्या आवाजात.”

“माझ्या?”

तिने वाटी खाली ठेवली.

“माझ्या आवाजात कसं असेल? सांगत तर तू होतीस.”

“मी?”

“वरून. मला स्पष्ट ऐकू येत होतं. शहात्तर, थाळीप्रवाळ, जिवंत. सत्त्याहत्तर, मेंदूप्रवाळ. तुझा तो मास्तरणीचा आवाज. मला वाटलं, ही आपल्याला धीर देतेय. म्हणून मी मनातल्या मनात पुन्हा म्हणायला लागले, तू रोज म्हणतेस तसं. वाटलं, म्हणत राहिले तोवर मरणार नाही.”

“फिलोमिना, मी सांगत नव्हते. मी तुझ्यामागून म्हणत होते.”

“आणि मी तुझ्यामागून.”

पडवीबाहेर समुद्र आपटत होता. आत सर ग्लानीत काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा शांत झाले. आम्ही दोघीही मागून म्हणत होतो. पुढे कोण होते, हे आम्हा दोघींपैकी कोणी विचारले नाही. मी खाली कागदाकडे पाहिले. पंचवीस ओळी माझ्याच वळणदार अक्षरात होत्या, एकाखाली एक, जराही न थरथरलेल्या.

“किती भरतात?” तिने विचारले.

“या धरून छप्पन्न.”

“आणि सोडून?”

“पंचाहत्तरात एकतीस.”

“म्हणजे उडवतील.”

“हो.”

“पेन आण,” ती म्हणाली. “मी सही करते.”

“तू पाहिलेले नाहीस.”

“पाहिलं म्हणून लिहिते. कोण येतंय विचारायला? खोटं ठरलं तर माझं ठरू दे. तुझं नाव खराब व्हायचं नाही, तू तर ऐकलंच आहेस.”

“जे कोणी पाहिले नाही त्याला नोंद म्हणत नाहीत.”

“मग काय म्हणतात?” तिचा बसलेला आवाज चिरकला. “प्रभा, माझा जीव चालला होता तिथे. मरता मरता मी ते म्हटलंय. त्याला तू काय म्हणशील?”

मी उठले आणि आत सरांकडे गेले. त्यांचे डोळे लाल होते. मी त्यांना सारे सांगितले, एकही गोष्ट न लपवता. त्यांनी मला वेडी म्हटले असते तर मला हलके वाटले असते. तसे ते म्हणाले नाहीत.

“तो खडप वाचावा असं मला किती वाटतं, ते तुला माहीत आहे,” ते म्हणाले. “म्हणूनच मी सांगणार नाही. मी तिथं नव्हतो. लिहिणारी तू आहेस, दिघे. ठेवायचं की खोडायचं, ते तू ठरव. तू देशील तो कागद मी पाठवतो.”

मी बावीस वर्षांची होते. नियमाने वागणाऱ्याच्या हातून अन्याय होत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. मी पडवीत परत आले, पाटावर बसले आणि पट्टी लावून शहात्तर ते शंभर या ओळींवर सरळ रेघा मारल्या. पंचवीस रेघा. खाली लिहिले: ‘पाहणी अपूर्ण. नोंदी ७६ ते १०० ग्राह्य नाहीत.’ आणि सही केली.

दारात भिकाजी उभे होते. कधीपासून, ते मला कळले नव्हते. त्यांना वाचता येत नसे, पण खोडलेले कोणालाही दिसते.

“तुका सांगल्यानी,” ते म्हणाले, “तू लिवलंस. आणि आता तूच खोडलंस?”

“भिकाजी, सांगणारा कोण ते मला ठाऊक नाही.”

“माका आसा ठावक,” ते म्हणाले. “ज्याचो जीव जाताहा, तोच बोलता. आणखी कोण बोलतलो?”

फिलोमिनाने पंचाहत्तराच्या ओळीखाली सही केली आणि पेन माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवले. जूनमध्ये तिने विद्यापीठ सोडले. परीक्षेत मी पहिली आले. माझ्याशिवाय परीक्षेला कोणी नव्हतेच.

डिसेंबरमध्ये मोरखडप उडवला. मला कोणी बोलावले नव्हते. मी वर्तमानपत्रात वाचले आणि निघाले. पोहोचले तेव्हा काम संपून दोन दिवस झाले होते. किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपर्यंत प्रवाळांचे तुकडे येऊन पडले होते, आणि चुन्याच्या भट्टीसाठी बायका ते टोपल्यांत भरत होत्या. सगळीकडे एक वास भरून राहिला होता. कुजलेल्या माशाचा म्हणावा तर तसा नाही, त्याहून गोड.

ठेकेदाराचा मुकादम खुर्ची टाकून बसला होता. मी विद्यापीठातून आले आहे म्हटल्यावर तो उठून उभा राहिला.

“बाकीचं सगळं एका दणक्यात गेलं, बाई,” तो कौतुकाने सांगू लागला. “अर्धं पोकळच होतं, मेलेलं. पण पूर्वेकडची बाजू! फुटेचना. दोनदा दारू भरावी लागली. आमचा पाणबुड्या म्हणाला, वरचं जाळं ओढून काढलं तर खाली नुसती बाग होती. पाय ठेवायला जागा नाही, एवढी जिवंत.”

“किती लांब?” मी विचारले.

“असेल बारा-तेरा मीटर.”

पंचवीस गाठींचे साडेबारा मीटर होतात.

भिकाजी आपल्या होडीजवळ जाळे घड्या करत होते. ते जाळे कोरडे होते. मी त्यांना म्हटले, “मला तिथे घेऊन चला.” त्या काळात मी एखाद्याला काही सांगितले आणि त्याने ते केले नाही, असे फारसे घडत नसे.

“थयसर आता काय बघतलंस?” ते म्हणाले. “मी नाय न्हेणार, बाय.”

त्यांनी होडीतली एक बादली उचलून माझ्यापुढे ठेवली. आत समुद्राचे पाणी होते आणि त्यात नारळाएवढा एक मेंदूप्रवाळ होता, एका बाजूने फुटलेला. उरलेल्या बाजूवर हिरवा-जांभळा रंग अजून होता, आणि खाचांमधून बारीक तोंडे बाहेर येऊन हलत होती.

“काल सकाळी गावलो,” भिकाजी म्हणाले. “पूर्वेचो. जितो आसा अजून. तुझो आसा, तूच घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मी ती बादली घेऊन मुंबईला निघाले. विद्यापीठात खाऱ्या पाण्याची टाकी होती, हवा सोडण्याचे यंत्र होते. बारा तास तो तगला तर जगवता आला असता. बरोबर समुद्राच्या पाण्याने भरलेले चार डबे घेतले होते. तीन-तीन तासांनी पाणी बदलायचे, असा मी हिशेब केला होता. प्रवाळावर मी पुढे चाळीस वर्षे शिकवले. त्या दिवशीइतक्या कसोशीने मी कोणाला जगवायला पाहिले नाही.

राजापूरला पहिला डबा वापरला. रंग तसाच होता. चिपळूणच्या आधी ती बारीक तोंडे आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाहीत. उन्हाने पाणी कोमट झाले होते. मी माझा पदर भिजवून बादलीवर धरला. पाण्यावर चिकट तवंग येऊ लागला.

शेजारच्या बाकावर एक गृहस्थ होते, धोतर-कोट घातलेले, चिपळूणला चढलेले. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

“बाई, मासे घेऊन निघालात काय? शिळे झालेत हो.”

“मासे नाहीत.”

“मग आहे तरी काय?”

“साक्षीदार आहे,” मी म्हटले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, बादलीकडे पाहिले आणि हळूच उठून मागच्या बाकावर जाऊन बसले.

महाडच्या पुढे रंग सुटू लागला. तो फिका होत नव्हता, सोलून निघत होता. पातळ पातळ पापुद्रे पाण्यात तरंगत आणि खाली पांढरे हाड दिसे. मी हात घातला तर बोटांना बुळबुळीत काहीतरी लागले. मी वाकून त्याच्या अगदी जवळ कान नेला. गाडीत माणसे होती. त्यांना काय वाटेल याचा विचार करायचे मला त्या क्षणी सुचले नाही. मला काही ऐकू आले नाही. फक्त गाडीचे पत्रे वाजत होते.

पेणच्या अलीकडे एका ओढ्यावर गाडी पाणी घ्यायला थांबली. मी बादली आणि शेवटचा डबा घेऊन खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला बसले. प्रवाळ पूर्ण पांढरा झाला होता. एकाही खाचेत रंग उरला नव्हता.

कंडक्टरने घंटा वाजवली.

“ओ बाई! निघायचंय!”

“थांबा,” मी म्हटले.

गाडी थांबली. खिडक्यांतून माणसे बघत होती. मी बादलीतले जुने पाणी सांभाळून ओतून टाकले, डब्याचे झाकण उघडले आणि शेवटचे पाणी त्या पांढऱ्या दगडावर हळूहळू घातले.